उसनं नाक

ग्युमरीत जानेवारीत पेट्रोलसुद्धा आळसावतं.
उणे एकवीस. किटलीभर उकळतं पाणी ओतल्याशिवाय
गॅरेजचं शटर वर जात नाही.
हमायाक म्हणतो, नाझेनी, नाक झाकून घे,
त्यावर आपली चूल आहे.

सगळा गाव त्याला वार्पेत म्हणतो,
उस्तादाला इथे तोच शब्द.
दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्याचं नाक गेलं.
म्हणजे आहे जागेवर, चांगलं लांबलचक, थंडीत लालही होतं,
पण आत कोणी राहत नाही.
बॉनेट न उघडता, नुसत्या वाऱ्यावर
ज्यानं चाळीस वर्षं गाड्यांची दुखणी सांगितली
त्याला आता कांदा आणि सफरचंद सारखंच.
तेव्हा वास मी घेते, अर्थ तो लावतो.

सोपं नाही हे. 'गोड येतोय' म्हटलं की विचारतो,
कसा गोड? जर्दाळूच्या मुरांब्यासारखा,
की साखर वाढलेल्या माणसाच्या श्वासासारखा?
दुसरा, म्हणते मी.
मग हीटरमधून कूलंट गळतंय, गालिचा उचल.
'जळका' चालत नाही. काय जळलं?
कागद असेल तर क्लच,
सेवानचा मासा तव्याला लागल्यासारखं असेल
तर कुठेतरी वायर वितळतेय.
शब्द नसेल तर वास नाही, हा त्याचा कायदा.
पहिल्या हिवाळ्यात माझ्या नाकी नऊ आले,
खरोखरचे नऊ, मोजले होते मी.
दहावा ओळखला तेव्हा त्यानं माझ्या हातात पाना दिला.

आज व्हार्दुहीबाईंची दुधी लाडा
दोरीनं ओढत आणली. गाडी मुलाची.
मुलगा क्रास्नोदारला, परांचीवर.
किल्ली फिरवली. टक. टक-टक-टक.
दिवे मिटमिटले.
'स्टार्टर नाही,' वार्पेत म्हणाला, 'हा भुकेचा आवाज आहे.'
मी बॉनेटखाली वाकले.
'अंडं.'
'ताजं?'
'ईस्टरला लपवलेलं, जूनमध्ये सापडलेलं.'
त्यानं ओठातली सिगारेट लांब बर्फात फेकली.
'चार्जर किती वेळ लावला होता?'
शेजाऱ्यानं लावला, बाई म्हणाल्या. रात्रभर.
परवाही. त्याच्या आधीही.
बॅटरी उकळली होती, पोट फुगलेलं.

पण जी गाडी कुठे जातच नाही
तिची बॅटरी रोज का उतरावी?
एकेक फ्यूज काढून त्यानं मीटर लावला. चोरी कुठेच नाही.
मग दार उघडून नुसता बघत राहिला.
ड्रायव्हरच्या सीटवर धूळ.
शेजारच्या सीटखाली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं,
मूठभर, ताजी.
आणि छतातल्या दिव्याचा खटका, चालूकडे.

त्यांना त्यानं काही विचारलं नाही. मला म्हणाला,
आत कसला वास आहे?
मी बसले. दार लावून घेतलं.
तंबाखू. संत्र्याची साल. ओली लोकर.
आणि आणखी एक, ज्याला माझ्याकडे शब्द नव्हता.
काचेपलीकडे व्हार्दुहीबाई
हातमोजे पिळत उभ्या, पाणी नसलेले.
'काही नाही,' मी म्हणाले.
कायदा त्याचाच.

नवी बॅटरी बिलात लिहिली.
छतातला जुना बल्ब काढून त्यानं
बोटाच्या पेराएवढा एलईडी बसवला, तो नाही लिहिला.
'हा रात्रभर राहिला तरी बॅटरीला पत्ता लागत नाही,'
हे तो मला म्हणाला, पण मोठ्यानं.
बाई पर्समध्ये सुटे शोधत राहिल्या, बराच वेळ.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.
वार्पेत सवयीनं धुरात उभा राहिला,
मान वर, नाकपुड्या फुगवून.
'पेट्रोल जास्त जातंय का?'
मी हुंगलं. 'जातंय. थोडंसं.'
'असू दे,' तो म्हणाला. 'हिवाळा आहे.'